करंडकाचं वर्ष

पुणे, १८ ऑक्टोबर १९९९

आदरणीय बाबुरावकाका,
सा. न. वि. वि.

मी चैताली केतकर, तुमच्या उत्कर्षाच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. नागपूरच्या स्पर्धेत तुमच्या घरी जेवायला आलेल्या मुलींपैकी जी सगळ्यांत जास्त बोलत होती, ती. आम्ही सगळ्या सुखरूप पोचलो. काकूंना सांगा, त्यांनी बांधून दिलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या वर्ध्यापर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत. आमच्या ढमढेरे सरांच्या वाट्याला एकच आली, तीही मोडकी. त्यावरून त्यांनी कोर्टाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "पोरीला खरंच खेळता येतं, की नुसती उंच आहे म्हणून घेतलीय?" गडबडीत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

काका, उंच मुली कॉलेजात बऱ्याच आहेत. उत्कर्षा आमची पिव्हट आहे, म्हणजे बास्केटखालची जागा तिची. पण ती तिथे थांबतच नाही. आमच्या बास्केटखाली चेंडू हिसकावते आणि आम्ही मान वळवेपर्यंत समोरच्या बास्केटखाली हात वर करून हजर. कोर्टभर तीच दिसते. गेली दोन वर्षं आम्ही विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फायनलला हरतोय. यंदा ती आलीय, त्यामुळे मला आशा आहे. माझं हे शेवटचं वर्ष. हिंजवडीला कॉम्प्युटर कंपन्यांचं नवं पार्क होतंय, तिथल्या एका कंपनीने मला घेतलंय. जुलैपासून मी दिवसभर खुर्चीत. म्हणून करंडक यंदाच हवा.

काकूंना नमस्कार.

आपली,
चैताली


नागपूर, २९ ऑक्टोबर १९९९

चि. चैताली हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मी जिल्हा परिषदेत नोकरी करतो. दिवसभर सरकारी पत्रे वाचून माणसाचे पत्र वाचायची सवय राहिली नव्हती. हिराने, म्हणजे तुझ्या काकूने, ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. आमच्या घराण्यात उंची पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तिचा उपयोग आजवर फक्त माळ्यावरचे डबे काढायला झाला.

आता एक मागणे मागतो. उत्कर्षाची पत्रे येतात, त्यात "सर्व ठीक" याच्यापुढे काही नसते. फोनवर तर "बरं, ठेवते" इतकेच. ती नववीत असताना सायकलवरून पडली आणि मनगट मोडले. दोन दिवस डाव्या हाताने जेवत होती. विचारले तर म्हणे, सवय करून बघतेय. दुखणे लपवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पुण्यात आमचे जवळचे कुणी नाही. तिचे काही बिनसले तर तू मला कळवशील का? तिच्यावर पाळत ठेव असे म्हणत नाही. फक्त खरे काय ते कळावे.

सप्रेम जयभीम.
बाबुराव खोब्रागडे


पुणे, २१ नोव्हेंबर १९९९

आदरणीय काका,

कबूल. तिचं काही बिनसलं तर तुम्हाला पहिलं पत्र माझं येईल. तिला हे सांगितलेलं नाही, नाहीतर ती माझ्याशी बोलायची नाही.

बातमी अशी, की पुणे शहराचे सगळे सामने आम्ही जिंकलो. परवा कॅम्पातल्या कॉलेजविरुद्ध खेळलो. दोन्ही वर्षं फायनलला आम्हाला हरवलं ते हेच. उत्कर्षाने त्यांच्या पिव्हटला चेंडूला हात म्हणून लावू दिला नाही. सामना संपल्यावर त्यांच्या सरांनी तिला विचारलं, "कुठल्या गावची तू?" ही म्हणाली, "नागपूर." ते म्हणाले, "परत कधी जाणार?" ढमढेरे सर तेव्हापासून हे प्रत्येकाला सांगतायत.

तब्येत उत्तम. संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जाते, तुम्ही सांगितलं म्हणून जाते असं तोंड करून जाते, पण जाते. मेसच्या भाजीला नावं ठेवते. त्यात ती एकटी नाही.

चैताली


पुणे, १९ डिसेंबर १९९९

आदरणीय काका,

कबूल केल्याप्रमाणे लिहितेय. मंगळवारी सरावात उत्कर्षा उडी मारून खाली येताना दुसरीच्या पायावर पडली आणि तिचा पाय जरा मुरगळला. आम्ही लगेच डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्यात, पट्टी बांधलीय. काळजीचं कारण नाही. मी रोज हॉस्टेलवर जाऊन बघते.

तिला याबद्दल काही लिहू नका. मी तुम्हाला कळवलं हे कळलं तर चिडेल.

घाईत आहे. काकूंना नमस्कार.

चैताली


नागपूर, २७ डिसेंबर १९९९

चि. चैताली हिस आशीर्वाद.

तू कळवलेस, बरे वाटले. पण तुझ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी उत्कर्षाचेही पत्र आले. ती लिहिते, परीक्षा जवळ आली म्हणून सराव सध्या बंद आहे. पाय मुरगळला तो सरावात, असे तू लिहितेस. दोघींपैकी एकीचे चुकते आहे.

पाय म्हणजे नेमके काय? घोटा की गुडघा? डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिही. हिरा सकाळपासून एकच धोशा लावून आहे, "पोरीच्या पायाले काय झालं ते इचारा, पट्टी घोट्याले बांधली का वर बांधली ते इचारा." घोटा असेल तर हळद लावून निभेल, असे तिचे म्हणणे आहे. गुडघा असेल तर तिला पुण्याला जायचे आहे.

तुझ्या मागच्या पत्रात मेसच्या भाजीपर्यंत सगळे होते. या पत्रात काहीच नाही. म्हणून विचारतो. राग मानू नकोस.

बाबुराव


पुणे, ६ जानेवारी २०००

आदरणीय काका,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. कॉम्प्युटरमुळे जग बंद पडेल असं सगळे म्हणत होते. काही बंद पडलं नाही. आमच्याकडचं पाणीसुद्धा नेहमीच्याच वेळी गेलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे उत्कर्षा खेळतेय. दुखत असतं तर खेळली असती का? काल सेमीफायनल होती. ती आम्ही जिंकली आणि सर्वांत जास्त गुण उत्कर्षाचेच. आम्ही खेळ थोडा बदललाय. आता ती समोरच्या बास्केटखालीच उभी राहते, चेंडू तिच्यापर्यंत आम्ही नेतो. मी ही रचना सुचवली आणि सरांना आवडली. कोर्टभर पळण्यात तिची ताकद वाया जात होती.

फायनल तेवीस तारखेला, रविवारी, आमच्याच कोर्टवर. समोर कॅम्पवालेच. त्यानंतर विद्यापीठाच्या टीमची निवड आहे. उत्कर्षाचं नाव त्यात नक्की धरलं जातंय. विद्यापीठाकडून खेळली तर पुढे रेल्वेत, बँकेत खेळाडूंच्या जागांसाठी तिचा अर्ज कोणी बाजूला ठेवणार नाही. तेव्हा आता पंधरा दिवस तिला शांत राहू द्यावं, अशी विनंती.

चैताली


नागपूर, १२ जानेवारी २०००

चि. चैताली हिस आशीर्वाद.

पत्र वाचले. घोटा की गुडघा, ते तू लिहिले नाहीस. असो. तू तिच्याजवळ आहेस, मी लांब. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवायचे ठरवले आहे आणि हिरालाही तसेच सांगितले.

तुला एक सांगतो. दहावीनंतर मी उत्कर्षाचा खेळ बंद केला होता. चेंडू कपाटात ठेवून किल्ली ऑफिसला घेऊन जायचो. आमच्यातल्या मुलामुलींना शिक्षणाशिवाय कुणी विचारणार नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खोटे नाही. ती भांडली नाही. जेवायची, अभ्यास करायची, फक्त माझ्याशी बोलायची नाही. शेवटी हिरानेच माझ्या खिशातून किल्ली काढली. तेव्हापासून ती मला काही सांगत नाही. मला सांगितले की खेळ बंद होईल, हे तिच्या डोक्यात बसले आहे. म्हणून मी तुला विचारत आलो.

आता मी फायनल बघायला येतो. आजवर तिचा एकही सामना मी पाहिलेला नाही, नागपुरात झाले तेही नाहीत. बावीस तारखेला सकाळी पुण्यात पोचेन. तिला आधी सांगू नकोस. तू तिला सांभाळलेस, त्याचे आभार समोर मानीन.

सप्रेम जयभीम.
बाबुराव


पुणे, १७ जानेवारी २०००

काका,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. तुम्ही माझे आभार मानू नका. हे पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवतेय, कारण तुमच्यासमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती नाही.

गुडघा आहे. उजवा. डॉक्टरांचे शब्द असे होते: "लिगामेंट फाटलंय. खेळ बंद. पुन्हा यावर पडली तर ऑपरेशन करूनही पाय पूर्वीसारखा होईल, याची हमी मी देणार नाही." उत्कर्षा टेबलावर बसून छताकडे बघत होती. बाहेर आल्यावर रिक्षात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू सांगितलंस तर बाबा उद्या इथे येतील आणि माझं सगळं संपेल. शपथ घे." मी घेतली.

पण शपथेमुळे गप्प राहिले असं लिहिलं, तर ते पुन्हा खोटंच होईल. मला फायनल जिंकायची होती. तिच्याशिवाय ती जिंकता येत नाही, हे मी धरूनच चालले होते. सरांना मी मुरगळ म्हणून सांगितलं. सामन्याआधी ती दुखणं मारायच्या गोळ्या घेते आणि मी तिच्या गुडघ्याला पट्टी बांधते, हॉस्टेलवरच, म्हणजे सरांना दिसत नाही. ती बास्केटखाली उभी राहते कारण तिला पळता येत नाही. तिची ताकद वाया जात होती वगैरे मी लिहिलं, ते लिहिताना मला लाजसुद्धा वाटली नाही. सेमीफायनलनंतर मी तिला जिन्यावरून धरून वर नेलं.

काल तिला म्हटलं, आता पुरे, सरांना सांगू. ती म्हणाली, "एकच सामना राहिलाय. माझा पाय आहे, तुझा नाही."

तुम्ही विश्वास ठेवायचं ठरवलंत असं लिहिलंत. ते वाचून हे लिहितेय. पुढचं काय ते तुम्ही ठरवा.

चैताली


नागपूर, २५ जानेवारी २०००

चैताली,

तू हे पत्र फाडून टाकशील तर टाक, पण आधी वाच.

शनिवारी सकाळी सराव चालू असताना बाबा कापडी पिशवी घेऊन कोर्टच्या कडेला उभे होते. मला वाटलं, भास झाला. ते ओरडले असते तर मी ओरडले असते. ते म्हणाले, "ह्या तीन पायऱ्या उतरून दाखव." सगळ्या टीमसमोर. मी उतरले. कशी उतरले ते तू पाहिलंस. मग म्हणाले, "सामान भर." मी म्हटलं, "उद्या रात्री भरते. उद्या फायनल आहे." ते तिथेच बाकावर बसले. सरांनी तुझ्याकडे बघितलं. मीही तुझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, तू आता म्हणशील, काका, एक दिवस थांबा. तू चपलेकडे बघत उभी राहिलीस. तेव्हा मला कळलं, कुणी सांगितलं ते.

सर म्हणाले, "खोब्रागडे, तू उद्या खेळणार नाहीस. घरी जा." त्यांनाही तूच सांगितलं असणार.

गाडीत मी अख्खा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसले. अकोल्याला त्यांनी चहा आणून समोर ठेवला. मी प्याले नाही.

तुला सांगायचंच होतं तर डिसेंबरात सांगायचं. महिनाभर माझा पाय वापरलास आणि शेवटच्या दिवशी तुला माझी काळजी वाटायला लागली? फायनल तरी खेळू द्यायचीस. निकाल काय लागला ते मला कळवू नकोस. पेपर मी बघितलेला नाही.

उत्कर्षा


पुणे, २ फेब्रुवारी २०००

प्रिय उत्कर्षा,

तू कळवू नकोस म्हणालीस, तरी कळवतेय. दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये.

शनिवारी तुम्ही गेल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मी सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला डिसेंबरात सांगितलं असतंस तर तिला बसवलं असतं आणि हरलो असतो तर हरलो असतो. हरायची सवय आहे मला." मी म्हटलं, मी कॅप्टनपद सोडते. ते म्हणाले, "वा! म्हणजे उद्या तू बाकावर बसून रडणार. काही नाही. उद्या कॅप्टन तूच. हीच शिक्षा."

फायनलला तुझ्या जागी आपली बुटकी मुक्ता होती. तुला माहीतच आहे, तिचा वर केलेला हात त्यांच्या पिव्हटच्या खांद्यापर्यंतच पोचतो. पहिल्या हाफला आम्ही इतक्या मागे होतो की त्यांच्या बाकावर मुली हसत होत्या. आम्ही सवयीने चेंडू बास्केटखाली टाकत होतो आणि तिथे तू नव्हतीस. मध्यंतरात सर म्हणाले, "तिकडे कोणी नाहीये. तर तिकडे टाकता कशाला?" एवढंच बोलले आणि पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या हाफला आम्ही पळायला लागलो. दुसरं काही जमतच नव्हतं. लांबून मारायचं आणि मागे पळायचं. त्यांची पिव्हट धापा टाकायला लागली. शेवटी एकाच गुणाने आम्ही पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे. त्यांचा नेम चुकला. रिंगवरून चेंडू उडाला आणि खाली पडलेल्या मुक्ताच्या पोटावर आला. तिने तो दोन्ही हातांनी कवटाळला, तशी पडूनच. शिट्टी झाली.

जिंकलो, उत्कर्षा.

सगळ्या रडत होत्या. माझ्या हातात करंडक होता आणि मी हिशेब करत होते. तुझ्याशिवाय जिंकता येत नाही, असं धरून मी तुला महिनाभर त्या गुडघ्यावर उभी केली. आणि तुझ्याशिवाय जिंकता येत होतं. डिसेंबरातही आलं असतं कदाचित. मी करून बघितलंच नाही. हे मला आता कुणालाही सांगता येत नाही, कारण सगळे पेढे वाटतायत.

विद्यापीठाच्या टीममध्ये मला आणि मुक्ताला घेतलंय. मी नाही म्हटलंय. सर भडकले आहेत.

उत्तर पाठव असं म्हणत नाही.

चैताली


नागपूर, १४ मार्च २०००

कु. चैताली केतकर यांस,

उत्कर्षाच्या गुडघ्याचे ऑपरेशन मागील आठवड्यात झाले. महिनाभर त्या पायावर खेळल्याने किती नुकसान झाले, हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "आता कोण सांगणार?" ती चालू लागेल. खेळेल की नाही, याबद्दल ते बोलत नाहीत.

तुम्ही उशिरा का होईना, खरे लिहिलेत, याची मी नोंद घेतली आहे. तुमच्या आधीच्या पत्रांचीही घेतली आहे. दोन्हींची बेरीज मला अजून जमलेली नाही.

ती माझ्याशी बोलत नाही. तुमच्याशी बोलत असल्यास कळवावे.

बाबुराव खोब्रागडे


नागपूर, ७ मे २०००

चैताली,

बाबांनी तुला "तुम्ही" म्हणून पत्र लिहिलं, हे आईने सांगितलं. आई त्यांना म्हणाली, "लेकरासारखी पोरगी हाय, तिले अहोजाहो करता?" ते गच्चीत जाऊन बसले.

परवा मी त्यांच्याशी बोलले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. तुझं पत्र त्यांना वाचायला दिलं, ते तुझ्याशिवाय जिंकता येत होतं वगैरे लिहिलेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "निदान हिला कळतंय, तिने तुझं काय केलं ते." तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तिने माझं काही केलं नाही. आणि तुम्हीही मला वाचवलं वगैरे नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मी ऐकलं होतं. गोळी मी गिळत होते. तुम्ही दोघं माझ्या गुडघ्यावरून स्वतःला दोष देत बसलात, आणि मला कुणी विचारतच नाही की तू का खेळलीस." ते म्हणाले, "बरं. का खेळलीस?" मी म्हटलं, "कोर्टवर मला कुणी सांगत नाही, काय कर ते." पण ते उठून गेले नाहीत.

हे तुलाही लागू आहे. "मी तुला उभी केली" असं पुन्हा लिहू नकोस. तुझी चूक सांगू? तू माझ्या वडिलांना खोटं लिहिलंस. तेवढीच तुझी. ती मी अजून माफ केलेली नाही. आणि विद्यापीठाला नाही म्हणालीस हा शुद्ध मूर्खपणा. त्याने माझा पाय बरा झाला का?

मी जूनमध्ये पुण्याला येतेय. बाबा सोडायला येणार होते. मी म्हटलं, स्टेशनपर्यंतच. कॉलेज पूर्ण करेन. खेळाचं माहीत नाही. सध्या मला उकिडवं बसता येत नाही आणि जिना उतरताना कठडा लागतो. मुक्ताला सांग, रिंगवरून उडालेला चेंडू पडून पकडला तरी तो रिबाउंडच मोजतात. तिने मला तसं पत्रात विचारलं होतं.

तुम्ही जिंकलात हे वाचून मी रडले. तो आनंद नव्हता. खूप दिवस मला वाटत होतं, तुम्ही हरायला हवं होतं. आताही कधीकधी वाटतं.

तू तेव्हा नोकरीच्या तयारीत असशील. तरी हॉस्टेलवर भेटायला ये. मी लगेच बोलेन असं नाही. पण ये.

उत्कर्षा